चितळांचं मीठ

"जंगलात मीठ ठेवायचं नाही, गूळ ठेवायचा नाही, हरभरा टाकायचा नाही," मी त्या सकाळी तिसऱ्यांदा सांगत होते. "परवानगीशिवाय झाडाला कॅमेरा बांधायचा नाही. तुमच्या कुंपणाबाहेर राखीव वन आहे. तिथे कॅमेरा सापडला तर जप्त होईल, आणि बांधणाऱ्यावर गुन्हा दाखल होईल."

रेंज ऑफिसच्या हॉलमध्ये आमच्या भागातले रिसॉर्टवाले बसले होते. उन्हाळ्याचा हंगाम तोंडावर आला होता. पाहुण्यांना चहा पिता पिता व्हरांड्यातून चितळं दिसावीत म्हणून यांच्यातले निम्मे लोक जंगलाच्या कडेला मीठ टाकायचे, आणि वाघ कुठून जातो ते कळावं म्हणून पायवाटांवर कॅमेरे बांधायचे. समोरून कोणी गेलं की आपोआप फोटो निघतो, तसले कॅमेरे. मी रेंजर होऊन त्या गावात आले त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले होते की झोपेतही बोलत असेन.

मागच्या रांगेतून पालीवालांनी हात वर केला. तिथलं सगळ्यात मोठं रिसॉर्ट त्यांचं.

"मॅडम, नियम सगळ्यांना सारखा ना?"

"अर्थात."

"मग हे जरा पाहून घ्या."

त्यांनी मोबाइल पुढे केला. फोटोत माझे वडील होते. पायजमा, बंडी, डोक्याला पंचा गुंडाळलेला. ऐनाच्या झाडाला एक कॅमेरा बांधत होते. पायाशी गुरांना देतात ती तांबूस चाटण-वीट ठेवलेली होती. मागे माझ्या सरकारी क्वार्टरचं कौलारू छप्पर स्पष्ट दिसत होतं.

कोणीतरी खुसखुसलं. माझे कान तापले. मग माझं लक्ष फोटोच्या खालच्या काळ्या पट्टीकडे गेलं. तारीख, वेळ, तापमान.

"पालीवाल, हा फोटो कोणी काढला?"

"आमच्या गाइडनं."

"गाइड फोटोखाली तापमान छापत नाही. हा झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यानं काढलाय. माझ्या क्वार्टरमागच्या जंगलात तुमचा कॅमेरा काय करतोय?"

पालीवालांनी मोबाइल खिशात घातला. "आधी घरचं बघा मॅडम," ते हसत म्हणाले, "मग आमच्याकडे या. आम्ही कुठे जातोय?"

मी बैठक संपवली आणि तरातरा घरी आले.

बाबा ओट्यावर बसून पेपर वाचत होते. पाटबंधारे खात्यातून ते उपअभियंता म्हणून निवृत्त झाले होते. आई गेल्यानंतर पंधरा दिवसांसाठी म्हणून माझ्याकडे आले ते राहिलेच. त्याची मला तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्यांच्याशी वाद घालण्याची. बाबांना वादात हरवणं आईलाही चाळीस वर्षांत जमलं नव्हतं.

"तुम्ही मागे मीठ ठेवलंय?"

"हो. चाटण-वीट. साध्या मिठापेक्षा बरी. त्यात खनिजं असतात."

"आणि कॅमेरा?"

"शिरीषनं पाठवला बंगलोरहून. वाढदिवसाचा. फार छान फोटो येतात गं. थांब, दाखवतो." शिरीष माझा भाऊ.

"बाबा, ते राखीव वन आहे!"

त्यांनी पेपरची शिस्तीत घडी केली. मला ती घडी ओळखीची होती. आता वाद सुरू होणार.

"क्वार्टरची हद्द कुठपर्यंत आहे?"

"विहिरीपर्यंत."

"मोजणी झालीय?"

"बाबा..."

"मोजणी नकाशा दाखव. मग मी मान्य करीन. दुसरं म्हणजे, तुमचं खातंच जंगलात क्षारचाटण ठेवतं की नाही? वाघ मोजायला कॅमेरे लावतं की नाही? तुम्ही केलं की व्यवस्थापन आणि मी केलं की गुन्हा?"

"होय! अगदी तसंच! आम्ही कुठे ठेवायचं ते विचार करून ठरवतो. गावापासून लांब, रस्त्यापासून लांब. तुम्ही गावाच्या उशाशी चितळं बोलावताय. चितळांमागून काय येतं ते तुम्हाला माहीत आहे?"

"वाघ गावात येत नाही. माणसाला भितो तो."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वाचलंय मी."

मी स्वतः जाऊन वीट उचलून आणली, कॅमेरा सोडून आणला आणि दोन्ही कपाटात कुलूप लावून ठेवलं. बाबा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, चला, एक प्रश्न मिटला.

आठवड्याभरानं सत्यफुला नैताम ऑफिसात आली. हळदझरी गाव आमच्या क्वार्टरला लागूनच होतं, आणि सत्यफुला तिथल्या बचत गटाची अध्यक्ष. चाळिशीची, काटक, आवाज असा की तीन खोल्यांपलीकडे वनपाल कोडापे कामात असले तरी ते उठून उभे राहायचे.

"मॅडम, तुमचा बाबा आमचे फोटू काढते."

"काय?"

"नाल्याकडच्या वाटंवर कॅमेरा हाय. मोठ्या बेहड्याच्या झाडाले. आमी बाया सकाळी त्याच वाटंनं बाहेर जातो. त्याच वाटंनं मोहावर जातो. तुमी त्या रिसॉर्टवाल्याले सांगता, कॅमेरे लावू नका म्हणून. अन घरच्या मानसाले नाई सांगत काहून?"

मी कपाळाला हात लावला. कपाटाचं कुलूप तसंच होतं. बाबांनी शिरीषकडून दुसरा कॅमेरा मागवला होता, आणि चाटण-विटा तर आठवडी बाजारात कुठेही मिळत.

मी बाबांना ऑफिसात बोलावून घेतलं. सत्यफुलासमोरच विचारलं. ते जरा वरमले, पण जरासेच.

"बायकांचे फोटो आले तर ते मी लगेच पुसतो," ते म्हणाले. "ठेवत नाही."

"पुसता म्हंजे आधी पाहता ना?" सत्यफुला म्हणाली.

बाबांना वादात हरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "कॅमेरा काढतो."

"आजच," मी म्हटलं. "आणि वीटही."

"हो हो."

कॅमेरा त्यांनी त्याच दिवशी काढला. मी कोडापेंना पाहून यायला सांगितलं. बेहड्यावर काही नव्हतं. वीट मात्र बाबांनी हलवून पंचवीस-तीस पावलं आत, रायमुनियाच्या झुडपाआड ठेवली होती. हे कोडापेंना दिसलं नाही, मला तर दिसायचा प्रश्नच नव्हता. मार्चअखेरची कामं, वणव्याचे दिवस. मी सकाळी जीप घेऊन निघायची ती संध्याकाळी काळीठिक्कर होऊन परतायची. बाबा ताट वाढून ठेवायचे. आज काय काय पाहिलंस, असं विचारायचे. मी म्हणायची, जळालेलं गवत.

मोहाची फुलं गळायला लागली. त्या दिवसांत अख्खं हळदझरी पहाटे जंगलात असतं. फुलं उन्हं चढायच्या आत वेचावी लागतात. सत्यफुला सगळ्यांच्या आधी निघायची, कारण तिची चांगली झाडं नाल्यापलीकडे होती.

त्या दिवशी उजाडता उजाडता गावातून ओरडा आला. मी आणि कोडापे धावलो. सत्यफुला नाल्यात पडली होती. बाया तिला उचलून वर आणत होत्या. उजवा हात मनगटाजवळ भलत्याच दिशेला वळलेला, चेहरा राखेसारखा, पण शुद्धीवर होती.

"वाघीन," ती म्हणाली. "चितळ मारलं हाय झुडपापाशी. मले दिसलंच नाई. मी अशी समोर गेली अन ते अंगावर आली."

वाघीण थांबली होती. नुसती हूल देऊन मागे फिरली होती. सत्यफुला मागे सरताना नाल्यात कोसळली होती. ती नाल्यात पडली नसती आणि पळत सुटली असती तर काय झालं असतं, हे तिथे कोणी बोललं नाही.

तिला जीपमधून दवाखान्यात पाठवलं. वाटेवर दोन माणसं उभी केली. मग लांबून दुर्बीण लावली. अर्धवट खाल्लेलं चितळ रायमुनियाच्या कडेला पडलं होतं. त्याच्या शेजारी माती चाटून चाटून खोलगट झालेला खड्डा होता, आणि खड्ड्यात तांबूस विटेचा उरलेला तुकडा.

कोडापेंनी दुर्बीण माझ्या हातातून घेतली, पाहिलं आणि परत दिली.

मी घरी गेले. बाबा दारातच उभे होते. मी ओरडले. काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "तुमच्या मिठापायी आज एक बाई मेली असती! अख्खा हंगाम गेला तिचा. हात मोडलाय. कळतंय का तुम्हाला? की त्याचाही मोजणी नकाशा दाखवू?"

बाबा म्हणाले, "कोणता हात?"

"उजवा!"

ते आत गेले.

तासाभरानं, मी अजून घरीच असताना, सहायक वनसंरक्षक साहेबांचा फोन आला. पालीवालांनी त्यांना आधीच कळवलं होतं.

"मॅडम, वडील आहेत, म्हातारे आहेत. समज देऊन सोडा. जखमी बाईला आपण मदत करूच. उगाच कागदावर कशाला आणता?"

"आणि पालीवाल साहेबांचे कॅमेरे, सर? त्यांचं मीठ?"

"त्यांनाही समज द्या."

म्हणजे असं होतं तर. बाबांना सोडलं की पालीवाल सुटले. पालीवाल सुटले की सगळेच सुटले, आणि मी पुढची तीन वर्षं त्या हॉलमध्ये उभी राहून तेच वाक्य बोलत राहायचं. मी फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकवून बसले.

दुपारी ऑफिसात कोडापे धावत आले. "मॅडम, तुमचे बाबा घरी नाहीत. फावडं नाही अन घमेलंही नाही."

वाटेवर माणसं उभी होती; पण बाबा वाटेनं गेलेच नव्हते. क्वार्टरच्या मागून, विहिरीवरून सरळ आत शिरले होते.

आम्ही दोघं काठ्या घेऊन गेलो. ऊन असं की पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. बाबा त्या खड्ड्यापाशी गुडघ्यांवर बसून माती उकरत होते. चितळाचं मढं त्यांच्यापासून खाटेएवढ्या अंतरावर. माशा घोंगावत होत्या. पलीकडे रायमुनियाच्या जाळीत सावलीसारखं काहीतरी होतं, आणि त्या सावलीची शेपटी एकदा हलली.

कोडापेंनी माझा दंड धरला. मी अगदी हळू म्हटलं, "बाबा. उठा. पाठ फिरवू नका. माझ्याकडे मागे मागे या."

"मीठ मातीत मुरलंय," बाबा वर न पाहता म्हणाले. "नुसती वीट उचलून भागणार नाही. माती चाटायला येतच राहतील ती."

"बाबा, समोर वाघीण आहे."

"आहे. मघापासून आहे. मला कळलंय."

"उठा!"

"हे एवढं घमेलं भरू दे."

त्या क्षणी त्यांना बखोटीला धरून फरफटत आणावं, असं मला वाटलं. जाळीतून गुरगुर आली. खोल, जमिनीतून आल्यासारखी. कोडापे काठी आपटत, मोठ्या आवाजात बोलत पुढे झाले. मी बाबांना काखेत धरून उठवलं. ते घमेलं सोडेनात. शेवटी एका बाजूनं मी आणि एका बाजूनं ते असं घमेलं धरून आम्ही उलट्या पावलांनी विहिरीपर्यंत आलो. वाघीण बाहेर आली नाही.

विहिरीच्या कट्ट्यावर मी मटकन बसले. कोडापे पाणी शेंदायला लागले.

"का?" मी विचारलं. "मला एकदा सांगा. का करताय तुम्ही हे? फोटो हवे होते? मी दहा हजार फोटो दाखवले असते तुम्हाला चितळांचे!"

बाबांनी मातीचं घमेलं पायाशी ओढून घेतलं.

"आमच्या धरणाची घळभरणी झाली, नदी अडवली, ते वर्ष," ते म्हणाले. "तू तिसरीत होतीस. पहिल्याच पावसाळ्यात पाणी भराभर चढलं. मधल्या टेकडीचं बेट झालं. चितळांचा एक कळप अडकला तिथे. मी वर लिहून पाठवलं, दोन दिवस दरवाजे उघडा, पातळी खाली येईल, जनावरं निघून जातील. उत्तर आलं, पातळी ठरलेली आहे."

कोडापेंनी भरलेली बादली कट्ट्यावर ठेवली आणि तिथेच थांबले.

"मग मी नाव घेऊन जायला लागलो. पाला न्यायचो. पण ती जवळ येईनात. नावाडी म्हणाला, साहेब, मीठ न्या, मिठाला येतात. मेसमधून खडे नेले. दोन दिवसांत माझ्या हातावरचं मीठ चाटायला लागली. जिभा खरखरीत असतात त्यांच्या. मला वाटलं, एवढी जवळ येतायत तर एकेकाला धरून नावेत घालू. एकाला धरलं. ते असं उसळलं की नाव उलटता उलटता राहिली. नावाडी म्हणाला, साहेब, हे होणार नाही. तरी मी रोज जात होतो. दुसरं काय करणार? मीठ द्यायचो आणि यायचो."

"आणि मग?"

"मग एका सकाळी गेलो तर टेकडी नव्हती."

"चितळं पोहतात, बाबा," मी म्हटलं. मला तेवढंच सुचलं.

"पोहली ना. दूरवर डोकी दिसत होती. काठ कुठे आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या नावेच्या मागे येत होती. मिठाची सवय."

कोडापेंनी तोंड फिरवलं.

"हे आईला माहीत होतं?"

"नाही."

"मलाही कधी सांगितलं नाहीत. मी फॉरेस्टमध्ये आले तेव्हा तरी..."

"सांगणार होतो. मग वाटलं, तू नियम सांगशील."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. पुन्हा तीच चिडचिड वर आली. इतकी वर्षं हा माणूस हे मनात घेऊन बसला, आणि त्याची भरपाई म्हणून आज सत्यफुलाचा हात मोडला.

"तुम्ही त्यांना परत तेच शिकवत होतात," मी म्हटलं. "माणसाजवळ यायला."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. वाद घालण्यासाठी काहीतरी शोधतायत असं क्षणभर वाटलं. मग ते म्हणाले, "गुन्हा दाखल कर."

"बाबा..."

"सकाळी तुझं फोनवरचं बोलणं ऐकलंय मी. कर म्हणतो ना."

गुन्हाही त्यांनी मला सुखानं दाखल करू दिला नाही. मी लेक, म्हणून मी नोंदवणं योग्य नाही, वनपालांनी नोंदवावा, हा मुद्दा त्यांचाच. तो बरोबर होता, म्हणून जास्त राग आला. पंचनाम्यात कोडापेंनी "विहिरीपासून अंदाजे" असं लिहिलं तर बाबा म्हणाले, "अंदाजे काय? टेप आणा." वाघीण तिथून गेल्यावर दोन दिवसांनी टेप धरून मोजून झालं, तेव्हा कुठे त्यांनी सही केली. जागा राखीव वनातच भरली. "मान्य," बाबा म्हणाले.

त्याच संध्याकाळी आम्ही पालीवालांच्या रिसॉर्टमागच्या जंगलात गेलो. पोतंभर मिठाचे खडे निघाले आणि झाडाझाडांना बांधलेले कॅमेरे. पालीवाल गाडीतून उतरून आले.

"मॅडम, वडिलांचं काय केलंत ते आधी सांगा."

"गुन्हा नोंदवलाय. कॅमेरे जप्त आहेत. ऑफिसात येऊन बघू शकता."

ते कोडापेंकडे वळले. कोडापेंनी मान हलवली आणि पुढच्या झाडाचा पट्टा सोडायला घेतला. साहेबांचा फोन पुन्हा आला, पण या वेळी त्यांच्याकडे बोलायला फारसं नव्हतं.

सत्यफुलाच्या हाताला प्लास्टर घातलं होतं. खात्याकडून उपचारांचं झालं, पण मोह काही तिच्यासाठी थांबणार नव्हता. नवरा रोजंदारीवर बाहेरगावी ट्रॅक्टर चालवायला गेलेला. ती घरी आली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी चौकशीला गेले तर घराला कडी. शेजारीण म्हणाली, "मोहावर गेली. तुमचे बाबा गेले ना संगं."

मी नाल्यापलीकडे गेले. उन्हं नुकती फांद्यांवर आली होती. मोठ्या मोहाखाली बाबा उकिडवे बसून फुलं वेचत होते. प्रत्येक फूल उचलायचं, फुंकर मारायची, पाहायचं, मग टोपलीत टाकायचं. सत्यफुला गळ्यात हात अडकवून एका दगडावर बसली होती, आणि वाघाला हुसकायला आणलेली थाळी तिच्या मांडीवर होती.

मला पाहताच ती म्हणाली, "मॅडम, याईले घरी घेऊन जा बाप्पा. टोपलीभर फुलं वेचाले दुपार करते हा मानूस. एकेक फूल तपासून पाह्यते."

"माती लागलेली नको ना," बाबा म्हणाले.

"माती धुतल्यावर जाते! हे फुलं वेचनं हाय का धरन बांधनं?"

मी हसले. कित्येक दिवसांनी हसले असेन. बाबांनी मात्र मान वर केली नाही. त्यांचे गुडघे दुखत होते, ते उठताना दिसत होतं. पण प्लास्टर निघेपर्यंत रोज पहाटे ते तिथे गेले, रोज तिच्या शिव्या खाल्ल्या. आणि रोज संध्याकाळी मला सांगत राहिले की फुलं झाडाखाली जाळी अंथरून गोळा करावीत, म्हणजे वेळ वाचेल, पण ती बाई ऐकत नाही. फार हेकेखोर आहे.

त्याच दिवसांतली एक सकाळ. मी गस्तीवरून परतताना तिकडे वळले होते. आम्ही तिघं मोहाखाली होतो, आणि पलीकडच्या झाडाखाली चितळं आली. मोहाची फुलं त्यांनाही आवडतात. एक मोठी मादी, तिच्यामागे दोन पाडसं, मग आणखी चार-पाच. आमच्याकडे पाहिलं, आणि न घाबरता पुढे आली. बाबांना पाहून मादी आणखी दोन पावलं पुढे आली. मान लांब केली. नाक हललं.

बाबा टोपली ठेवून उठले. ते खाली वाकले. त्यांनी मातीचं एक मोठं ढेकूळ उचललं आणि सगळ्या अंगाचा जोर लावून फेकलं.

ढेकूळ तिच्या पायांपुढे फुटलं. ती थबकली. बाबा ओरडले. हात वर करून, घसा खरवडून, "हट! जा! जा इथून!" दुसरं ढेकूळ उचललं, तेही फेकलं. मादीनं शेपटी उभारली, कर्कश शीळ घातली, आणि सगळा कळप पाचोळा उडवत जंगलात आत आत गेला.

बाबा धापा टाकत उभे होते. हात मातीनं भरलेले. पाचोळ्याचा आवाज थांबेपर्यंत ते तिकडेच बघत होते.

"गेली," ते म्हणाले.

"हो बाबा," मी म्हटलं. "गेली."

सत्यफुलानं थाळीवर काठी वाजवली. "उन्हं चढली ना," ती म्हणाली. "बसा आता. वेचा."

बाबा बसले, आणि वेचायला लागले.